इशापूरची .315: वडिलांमागे राहिलेल्या रायफलीची पारख

वडिलांच्या मागे कपाटातून जी रायफल निघते ती पुष्कळदा .315 बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) असते आणि पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली असते. घरच्यांना ती 'इंग्रजांच्या काळातली' वाटते आणि किमतीचे आकडेही त्याच मापाने बोलले जातात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. वापरायला ही रायफल मजबूत, साधी आणि दुरुस्तीला सोपी आहे. संग्रहाची वस्तू म्हणून मात्र ती सामान्य आहे. तिची किंमत वयावर ठरत नाही. कागद, नळी आणि जुळणारे क्रमांक, याच क्रमाने ती ठरते.

हात लावण्याआधी कागदांकडे बघा. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, ती व्यक्ती गेली की शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकारही संपतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 21 सांगतं की असं शस्त्र विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. जमा केल्याने मालकी जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारस ते विकू शकतो किंवा स्वतःच्या नावावर परवाना घेऊन परत घेऊ शकतो. मुदत उलटली तर शस्त्र सरकारजमा होण्याची वेळ येते. परवान्याशिवाय घरात ठेवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षांची शिक्षा आहे. 'बाबांची आठवण आहे हो' हे कारण त्यात कुठे बसत नाही.

रायफल स्वतः गाडीत टाकून नेऊ नका. ठाण्यात लेखी कळवा, मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना दाखवा, आणि न्यायची कशी हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. ती भरलेली आहे की नाही हे कळत नसेल, तर बोल्टशी, म्हणजे मूठ धरून मागे-पुढे सरकवायच्या दांड्याशी, खेळू नका. जाणकाराने तपासायची रीत अशी: नळी मोकळ्या दिशेला, बोट चापापासून दूर, आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं, मग बोल्ट मागे ओढून चेंबर (नळीत काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी बघायचं आणि बोटानेही चाचपायचं. हा क्रम उलटा केला तर बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधलं काडतूस चेंबरमध्ये चढतं.

.315 हा बोअर आला कुठून

इंग्रज सरकारला आपल्या सैन्याची .303 काडतुसं हिंदुस्थानातल्या लोकांच्या बंदुकांत चालायला नको होती. म्हणून शिकाऱ्यांसाठी आणि जमीनदारांसाठी वेगळा बोअर पुढे आला. ऑस्ट्रियाच्या जुन्या 8×50 मिलिमीटर मॅनलिशर काडतुसावर तो बेतलेला आहे, कडा असलेलं काडतूस. .315 इंच म्हणजेच 8 मिलिमीटर. बर्मिंगहॅमच्या बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीने या बोअरच्या रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी केल्या. स्वातंत्र्यानंतर इशापूरने तीच वाट चालू ठेवली. .303 वरचं बंधन आजही आहे, म्हणून .315 ही इथल्या सामान्य परवानाधारकाची रायफल होऊन बसली.

यंत्रणा ली-एनफिल्डची, म्हणजे इंग्रजी सैन्याच्या .303 रायफलीची. बोल्ट पकडून ठेवणारे खिळे पुढे नसून मागच्या बाजूला असतात, बोल्टचं डोकं वेगळं आणि आट्यांनी बसवलेलं असतं, आणि घोडा बोल्ट मागे नेताना न चढता पुढे ढकलताना चढतो. त्यामुळे बोल्ट मिटताना शेवटी जो जोर लागतो तो बिघाड नव्हे. गोळी मऊ टोकाची, 244 ग्रेनची, म्हणजे जवळपास 16 ग्रॅम. जड आणि सावकाश. डुकरासाठी पुरेशी, लांबच्या नेमासाठी नाही.

छाप वाचताना

दस्ता आणि यंत्रणा जिथे जोडली जाते तो धातूचा मनगटासारखा भाग आधी वाचा, मग नळीचा मागचा जाड भाग. इशापूरच्या मालावर आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरं, साल, बोअर आणि क्रमांक मिळतो. इशापूरचा रायफल कारखाना 1904 चा, त्यामुळे नुसतं 'इशापूर' दिसलं म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं असं नाही. राजमुकुट आणि त्याखाली जी.आर.आय. (बादशहा जॉर्जची) ही अक्षरं असतील तर तो माल इंग्रजी अमदानीतला, आणि बहुधा लष्करी. तिथे सावध व्हा, कारण पुढचा मुद्दा महागात पडणारा आहे.

.303 आणि 7.62 मिलिमीटरच्या, किंवा त्या बोअरची सरकारी काडतुसं चालतील अशा बोल्टच्या रायफली प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. .410 चं मस्केटही त्याच यादीत आहे. या मस्केटाने पुष्कळ वारस फसतात. इशापूरने पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ली-एनफिल्डची नळी आतून गुळगुळीत ठेवून ती एकबारी बंदूक केली. बाहेरून ती हुबेहूब .303, आतून छऱ्याची. 'छोटी .410 शॉटगनच की' असं समजून वारस निवांत राहतो. प्रतिबंधित शस्त्राला केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ती नसेल तर शिक्षा 7 वर्षांपासून सुरू होते. म्हणून नळीत चक्राकार खाचा आहेत का, हे बोल्ट काढून बघणं ही पारखेची पहिली पायरी. बाहेरच्या आकारावर काहीही ठरवू नये.

दुसरा घोटाळा कागदावरचा. जुन्या परवान्यात कारकुनाने '8 एमएम' एवढंच लिहिलेलं असतं. ती .315 असू शकते, किंवा 8×57 ची जर्मन माउझर. दोन्हींचा बोअर 8 मिलिमीटर, पण काडतुसं एकमेकांत चालत नाहीत. एक 50 मिलिमीटर लांब आणि कडा असलेलं, दुसरं 57 मिलिमीटर आणि बिनकडेचं, दाबही वेगळा. ओळखायची सोपी खूण यंत्रणेत आहे. मॅगझिनची पेटी चापाच्या पुढे खाली लोंबते आणि बोल्टची मूठ थेट चापाच्या वर येते, तर ली. पेटी लाकडात दडलेली, बोल्टच्या अंगाला काडतूस ओढणारा लांब पट्टीसारखा चिमटा आणि पुढच्या टोकाला दोन खिळे, तर माउझर. तरी शंका उरली तर बंदूक दुरुस्त करणारा कारागीर चेंबरचा साचा घेतो. लवकर वितळणारा मिश्रधातू किंवा गंधक ओततो, निवल्यावर काढून मोजतो. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते झाल्याशिवाय कोणीही त्यात काडतूस घालू नये.

नळीवर बीएसए आणि एकमेकांना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींची खूण असेल, तर इशापूरच्या वरचा माल हातात आला आहे. त्या नळीखाली बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही., एन.पी. असे शिक्के असतात. 1904 नंतरच्या शिक्क्यांत कॉर्डाइट दारूचं वजन आणि गोळीचं कमाल वजनही कोरलेलं सापडतं, आणि अनोळखी बोअर ठरवायला ते नेमकं उपयोगी पडतं.

मँटन, रॉड्डा, लायन अँड लायन ही कलकत्त्याची नावं दिसली की लोक हुरळतात. ही घराणी विकायची, बनवणारा बहुतेक वेळा बर्मिंगहॅमचा कोणी असायचा. नाव चांगलं आहे, पण ते दुकानाचं आहे हे लक्षात ठेवून किंमत करा. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स ही नावं मात्र वेगळ्या पायरीवरची. त्यांच्या जुन्या वह्या शाबूत आहेत आणि क्रमांक कळवल्यास शुल्क घेऊन नोंद काढून मिळते. कोणत्या बोअरची, कोणाला, कधी विकली, हे त्या पत्रात येतं. संस्थानांच्या काळातला ग्राहक निघाला तर ते पत्रच किमतीत भर घालतं.

नकलाही आहेत. खैबरच्या पट्ट्यातल्या हातबनावटीच्या रायफलींवर व्हिक्टोरियाचं व्ही.आर. आणि खाली 1907 सारखं साल सापडतं. राणी 1901 च्या जानेवारीतच गेली होती, तेव्हा त्या सालात ती अक्षरं येणं शक्य नाही. उलटं कोरलेलं एन, चुकलेली स्पेलिंगं, ओळीत न बसलेली अक्षरं या त्यांच्या नेहमीच्या खुणा. असल्या रायफलीचं पोलाद कसलं आहे हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून ती उडवायची नसते.

बोल्ट, नळी, लाकूड

ली-पद्धतीच्या रायफलीत बोल्ट बदललेला असणं हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष. मुठीच्या बुडाशी मागे क्रमांक असतो, तो नळीजवळच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. बोल्ट काढायचा असेल तर तो पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं उजव्या कडेच्या पट्टीवरून वर उचलायचं, मग तो मागे निघतो. डोकं न उचलता जोराने ओढलं की ती पट्टी झिजते. झिजलेल्या पट्टीवरून डोकं आपोआप निसटतं आणि काडतूस अर्ध्यात अडकतं. क्रमांक जुळत नसेल तर बोल्टच्या तोंडाचं आणि चेंबरचं अंतर मापकाने तपासल्याशिवाय बार काढू नये. अंतर वाढलेलं असेल तर उडालेल्या पितळी नळकांड्याच्या बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटतं. पुढच्या कुठल्यातरी बारात नळकांडं तिथेच तुटतं आणि जळता वायू चेहऱ्याकडे येतो. जुनी नळकांडी घरात सापडली तर फेकू नका. नेमकी ही खूण त्यांच्यावर असते.

नळी मागून उजेडाकडे धरून बघा. आधी कोरडी चिंधी गजाने फिरवा, कारण जुनं तेल गोठून खाचा भरून काढतं आणि खराब नळी चांगली दिसते. आता काय दिसतं ते महत्त्वाचं. खाचांच्या कडा धारदार आणि तळ चकचकीत असेल तर उत्तम. तळ काळसर पण सपाट असेल तर चालेल. टोचल्यासारखे खड्डे असतील तर किंमत निम्म्याच्या खाली गेली असं समजा. हे खड्डे सहसा झिजेचे नसतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचं मीठ बार काढल्यावर नळीत उरतं, ते हवेतलं पाणी धरतं, आणि कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एका पावसाळ्यात नळी खाऊन टाकतं. तेलाने हे मीठ निघत नाही. ते पाण्यातच विरघळतं. म्हणून जुनी काडतुसं वापरली की उकळतं पाणी नळीतून ओतून, कोरडं करून, मगच तेल द्यायचं असतं. हे माहीत असलेल्या माणसाची रायफल नळी बघताक्षणी ओळखू येते.

आत एखादी काळी गोल सावली अंगठीसारखी दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे. बाहेरून बोटांना ती लागेलच असं नाही. नळीत काहीतरी अडकलेलं असताना बार निघाला की असं होतं. आपल्याकडे त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कुंभारीण माशी. कोपऱ्यात उभ्या केलेल्या रायफलीच्या तोंडात ती मातीचं घर करते. फुगलेली नळी दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. तोंडाशी खाचा एका बाजूने झिजलेल्या असतील तर वर्षानुवर्षं गज पुढून घातलेला आहे. नेम त्यानेच गेलेला असतो, आणि मालक साइटला दोष देत बसतो.

लाकडात तीन जागा बघा: मनगटापाशी दस्त्याची बारीक चीर, यंत्रणा जिथे लाकडाला धक्का देते ते आतले दोन खांदे, आणि बुडाच्या पत्र्याखालची पोकळी. तो पत्रा स्क्रू काढून उघडला तर वाळवी किंवा भुंगेऱ्याची पूड तिथे पहिल्यांदा सापडते. मनगट तांब्याच्या तारेने बांधलेलं असेल तर ती दुरुस्ती जुनी आणि बहुधा प्रामाणिक. लांबीने बसवलेल्या पितळी पट्ट्या आणि वर गडद पॉलिश असेल तर खालची चीर मोठी आहे असं धरून चाला. आतले खांदे दबलेले असले की रायफल दर बाराला थोडी मागे सरकते आणि गोळ्या विखुरतात. चांगला सुतारकाम जाणणारा कारागीर तिथे कडक लाकडाचे तुकडे बसवून हे नीट करतो, आणि हा खर्च करण्यासारखा आहे.

न करण्यासारखा खर्च म्हणजे चकाकी. विकण्याआधी 'जरा स्वच्छ करून घेऊ' म्हणून बफिंग, नवं निळं-काळं पाणी, किंवा, हे तर हमखास, निकेलचा मुलामा. निकेल चढवलेली बीएसए बघून जाणकार ग्राहक दारातूनच परततो. बफिंगने अक्षरांच्या कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी खोलगट होतात. हे एकदा झालं की परत येत नाही. साधं हलकं तेल आणि कोरडं फडकं, एवढंच करावं. कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या खोळीत बंद करून ठेवलेली रायफल ओल धरते. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा होऊन आठवडेच्या आठवडे त्याच खोळीत राहिलेल्या शस्त्रांची एक बाजू गंजलेली दिसते ती यामुळेच. जमा करताना खोळ वेगळी द्या, नळीत तेलाची चिंधी फिरवा, आणि ती चिंधी आत विसरू नका.

काडतुसांचा हिशेब वेगळा. जुनी काडतुसंही परवान्याखालीच येतात, मोजून जमा करावी लागतात. चामड्याच्या पट्ट्यात राहिलेल्या पितळेवर हिरवा कळंक चढतो आणि मानेशी उभ्या चिरा जातात. अशी काडतुसं पॉलिश करून वापरणं वेडेपणा आहे. बुडावर के.एफ. असेल तर ती खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. किनॉक असेल तर इंग्लंडमधली, आणि भरलेली जुनी पेटी असेल तर त्या पेटीची संग्राहकांत मागणी असते, पण व्यवहार परवानाधारकांतच व्हायला हवा.

किंमत कशी बसते

नव्या इशापूर .315 ची कारखान्याची चालू किंमत विक्रेत्याकडून घ्या. वापरलेल्या इशापूरसाठी तीच वरची मर्यादा. तिच्यावर जाण्याचं काही कारण नाही, कारण ग्राहकाला नवी मिळते. त्यातून नळी, बोल्ट, लाकूड यांचे दोष वजा करत खाली या. बीएसए .315 ला ही मर्यादा लागू नाही. परदेशी शस्त्रांची खासगी आयात बरीच वर्षं बंद असल्याने जुळत्या क्रमांकाची, मूळ रंगाची बीएसए इशापूरच्या वर जाते. .22 च्या जुन्या चेक ब्रनो रायफलींचंही तसंच. त्या लहान असल्या तरी नेमबाजी शिकणाऱ्यांत त्यांना मागणी आहे, आणि बऱ्याच घरांत मोठ्या रायफलीपेक्षा ही कोपऱ्यातली .22 च जास्त पैसे आणते.

.405, .375 किंवा दुनळी .450 सारख्या मोठ्या बोअरच्या शिकारी रायफलींबद्दल भ्रम जास्त असतो. लंडनच्या लिलावातला आकडा इंटरनेटवर बघून भावंडांत वाटणीचे हिशेब सुरू होतात. तो आकडा इथे लागू नाही. शिकार 1972 च्या कायद्याने बंद, काडतुसं मिळत नाहीत, आणि 100 वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येत असल्याने खासगी माणसाला ती बाहेर पाठवता येत नाही. इथे ग्राहक एकच: त्या बोअरची मुभा असलेला परवानाधारक, ज्याच्या नावावर जागा शिल्लक आहे. 2019 च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा 3 वरून 2 वर आली, वारशाने आलेलं शस्त्रही त्यातच मोजलं जातं. दोनच ठेवायची तर लोक एक पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर ठेवतात. मग लांब शस्त्रासाठी एकच जागा उरते, आणि ती मोठ्या बोअरला क्वचित मिळते.

ठासणीच्या बंदुकीचा वेगळा समज आहे, की ती जुनी म्हणून परवाना नको. कायदा म्हणतो की जुन्या पद्धतीचं किंवा पुरातन शस्त्र दुरुस्त करूनही चालणार नसेल, तरच ते मोकळं. निप्पल (टोपी बसवायचं बोंड) बदलून बार निघत असेल तर ते शस्त्रच आहे.

स्वतःकडे ठेवायची असेल तर वारसाने नव्या परवान्याचा अर्ज करायचा. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बाकीच्या वारसांची ना-हरकत, प्रशिक्षणाचा दाखला लागतो. अडकतं ते बहुधा ना-हरकतीवर, म्हणून मूल्यांकन आधी आणि भावंडांची सही नंतर असा क्रम ठेवावा. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांना सोपी वाट आहे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक 70 वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे 25 वर्षं राहिलं, की तो जिवंतपणीच वारसाच्या नावाने परवान्याची प्रक्रिया सुरू करू शकतो.

विक्रेत्याची सेवा

मूल्यांकनासाठी परवानाधारक विक्रेता हाच व्यवहार्य पर्याय, पण तो स्वतः विकत घेणार असेल तर त्याने सांगितलेली किंमत ही बोली समजा. दोन विक्रेत्यांचे आकडे घ्या. मापकाने अंतर तपासतो का, चेंबरचा साचा घेऊन देतो का, नळी कॅमेऱ्याने बघतो का, हे विचारा. नुसती खांद्याला लावून आकडा सांगणारा टाळा. जमा ठेवण्याचं महिन्याचं भाडं आधी लेखी घ्या. परवान्याचं काम रेंगाळलं तर साध्या इशापूरचं भाडं तिच्या किमतीला गाठतं, आणि तेव्हा विकून मोकळं होणं शहाणपणाचं ठरतं.

'जुनी रायफल, एक नग' अशी पावती घेऊ नका. मेक, बोअर, नळीवरचा आणि बोल्टवरचा असे दोन्ही क्रमांक, मॅगझिन आहे की नाही, काडतुसांची संख्या, नळीची आणि लाकडाची अवस्था, एवढं तिच्यावर असलं पाहिजे. चारही बाजूंचे फोटो काढून मागे तारखेसह सही घ्या. बोल्टचा क्रमांक पावतीवर नसेल तर परत मिळताना जुळणारा बोल्ट मिळेलच याची खात्री कोणी देत नाही.